अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा चष्मा: पैसे काचेवर घालावेत की फ्रेमवर?

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काही आठवडे काढलेलं, कदाचित डोळ्याच्या पडद्यावर लेझर झालेलं मूल. आता वय पाच-सात वर्षं आणि दोन्ही डोळ्यांना मायनस नंबर. आईवडील नंबरचा कागद घेऊन चष्म्याच्या दुकानात जातात, तेव्हा काउंटरवर त्यांच्यापुढे बहुधा दोन गोष्टी येतात. एक, 'नंबर वाढू न देणारी' खास काच. दुसरी, जरा मोठी फ्रेम, 'दोन वर्षं तरी बघायला नको' म्हणून. हे परीक्षण त्याच खरेदीचं आहे. यात होयाची मायोस्मार्ट आणि एसिलोरची स्टेलेस्ट या दोन मायोपिया कंट्रोल काचा, म्हणजे मायनस नंबर रोखणाऱ्या काचा, आहेत, पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकची साधी काच आहे, लहान मुलांच्या फ्रेम आहेत आणि सोबत सुचवले जाणारे अॅट्रोपिनचे थेंबही आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. वेळेआधी जन्मलेल्या मुलासाठी पहिला पैसा मापात बसणाऱ्या फ्रेमवर घाला, दुसरा साध्या पॉलिकार्बोनेटवर. खास काचेचा विचार त्यानंतर, आणि तोही डोळ्याची लांबी मोजून झाल्यावर. दोन्ही खास काचा चांगल्या आहेत, त्यांच्यामागे भक्कम चाचण्या आहेत. पण त्या ज्या दुखण्यासाठी बनल्या, ते दुखणं या मुलाला आहे का, हे नंबरच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

मायनस नंबर दोन वाटांनी येतो. डोळा मागच्या बाजूला लांबला, तर प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. किंवा डोळ्याची लांबी ठीक असते, पण पुढचा पारदर्शक गोल, म्हणजे कॉर्निया, जास्त फुगीर असतो आणि आतलं भिंग जाड असतं; त्यामुळे किरण गरजेपेक्षा लवकर एकत्र येतात. शाळकरी मुलांमध्ये आठ-दहा वर्षांच्या सुमाराला लागणारा आणि दरवर्षी वाढणारा नंबर जवळजवळ नेहमी पहिल्या वाटेचा असतो. डोळा १ मिमी लांबला की साधारण अडीच नंबर वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत, विशेषतः ज्यांना आरओपी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचा आजार, झाला होता त्यांच्यात, दुसरी वाट फार दिसते. कॉर्निया फुगीर, भिंग जाड आणि पुढे सरकलेलं, दोघांमधली जागा उथळ, आणि डोळ्याची लांबी मात्र त्या नंबरच्या मानाने कमी.

याचं मूळ जन्माच्या वेळेत आहे. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचा डोळा सुमारे १७ मिमी लांब असतो, मोठेपणी तो साडेतेवीस-चोवीस मिमी होतो. लांबी वाढत असतानाच कॉर्निया सपाट होत जातो. जन्मताना त्याची ताकद ४८ डायॉप्टरच्या (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात) आसपास असते, ती ४३-४४ पर्यंत उतरते. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण प्लस दोन नंबर घेऊन जन्मतं आणि पुढच्या काही वर्षांत लांबी व ताकद यांचा मेळ बसून नंबर शून्याकडे येतो. पोटातले शेवटचे दहा-बारा आठवडे बाहेर गेले, की या मेळाची घडी विस्कटते. पडद्याचंही तेच. त्याच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्यापासून मधून कडेकडे वाढू लागतात. नाकाच्या बाजूच्या कडेला त्या छत्तिसाव्या आठवड्याला पोचतात, कानाच्या बाजूला चाळिसाव्या. बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्याला जन्मलं, तर कडेचा पडदा अजून कोराच असतो, आणि आरओपीची सुरुवात तिथेच होते.

म्हणूनच आपल्याकडे २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या पडद्याची पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत करायची असते. फारच लहान बाळांची, म्हणजे २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमखालच्या बाळांची, त्याहून लवकर, दोन-तीन आठवड्यांतच.

उपचार कोणता झाला, यावरही पुढचा नंबर बराच ठरतो. लेझर आणि इंजेक्शन यांची तुलना करणाऱ्या बीट-आरओपी चाचणीतल्या मुलांचे अडीच वर्षांच्या वयातले नंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार पडद्याच्या अगदी मधल्या भागात, म्हणजे झोन एकमध्ये, होता त्या डोळ्यांपैकी लेझर झालेल्यांचा सरासरी नंबर मायनस ८.४४ होता आणि बेव्हासिझुमॅब या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलेल्यांचा मायनस १.५१. त्याभोवतालच्या झोन दोनमध्ये हेच आकडे मायनस ५.८३ आणि मायनस ०.५८. यावरून लेझर चुकीचं होतं, असा अर्थ कुणी काढू नये. लेझरने पडदा वाचतो, आणि पडदा वाचला तरच नंबराची चर्चा होऊ शकते. पण दुकानात जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावं, ते यासाठी. 'लेझर की इंजेक्शन, कोणता झोन' ही एक ओळ नेत्रतज्ज्ञाला आणि चष्मा बनवणाऱ्याला खूप काही सांगते.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाची. आरओपीवर लवकर उपचार करण्याबद्दलच्या, अमेरिकेतल्या ईटीआरओपी अभ्यासात जास्त जोखमीच्या डोळ्यांपैकी सुमारे ७० टक्के डोळे मायनसमध्ये गेलेले दिसले, आणि ते पहिल्या वर्षाच्या आतच. त्यानंतर हे प्रमाण फारसं हललं नाही. म्हणजे हा नंबर लवकर येतो आणि पुष्कळ मुलांत तिथेच थांबतो. अशा मुलाला पाचव्या वर्षी महाग काच लावली आणि सहाव्या वर्षी नंबर तोच निघाला, तर श्रेय काचेला दिलं जातं. साध्या काचेतही तो तेवढाच राहिला असता.

दुकानात जाण्याआधीची मोजणी

दोन मापं मागून घ्या: डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक. लांबी मोजणारं बिनस्पर्शाचं यंत्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात त्या जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात असतं. मुलाने हनुवटी टेकवून काही सेकंद दिव्याकडे बघितलं की काम होतं; चार-पाच वर्षांचं मूल हे सहज करतं. त्याहून लहान असेल तर ए-स्कॅनने, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्राने, मोजतात, त्यात डोळ्याला हलका स्पर्श होतो आणि सुन्न करणारा थेंब लागतो.

आकडे कसे वाचायचे, ते उदाहरणादाखल सांगतो. दोन मुलांना मायनस सहाच नंबर आहे. एकाची लांबी २६ मिमी, कॉर्नियाची ताकद ४३.५. दुसऱ्याची लांबी २२.८ मिमी, कॉर्निया ४७. पहिल्याचा डोळा लांबलेला आहे. तो अजून लांबू नये म्हणून जे करता येईल ते करण्यात अर्थ आहे. दुसऱ्याचा नंबर कॉर्निया आणि भिंग यांच्यातून आला आहे. त्याच्या डोळ्याची लांबी रोखायला निघालेली काच त्याच्या बाबतीत रोखणार काय?

एका मोजणीवर निर्णय पक्का होत नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, शक्यतो त्याच यंत्रावर, पुन्हा मोजा. सहा ते दहा वर्षांच्या, नंबर नसलेल्या मुलाचा डोळा वर्षाला ०.१ ते ०.२ मिमी वाढतो, ती वाढ स्वाभाविकच आहे. वाढ ०.३ मिमी किंवा जास्त दिसली, तर जन्मजात नंबरावर शाळकरी वयाचा नंबर चढू लागला आहे, असं समजावं. असं होतं, अपुऱ्या दिवसांचं मूलही मोबाईल बघतं, घरात बसून राहतं, आईबाबांकडून चष्मा वारशाने घेतं. तेव्हा मात्र खास काचेची गोष्ट निघायला हवी.

मायोस्मार्ट आणि स्टेलेस्ट

दोन्हींची कल्पना एकच. मधोमध सुमारे ९ मिमीचा साधा भाग असतो, त्यातून मूल स्पष्ट बघतं. त्याभोवती बारीक-बारीक भिंगं पेरलेली असतात; त्यांतून आलेले किरण पडद्यावर न जुळता त्याच्या पुढे जुळतात आणि 'आता लांबायचं थांब' असा निरोप डोळ्याला मिळतो. मायोस्मार्टमध्ये साधारण ४०० भिंगं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मांडलेली आहेत, प्रत्येक सुमारे १ मिमीचं, ३.५० ताकदीचं. ही काच हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाबरोबर तयार झाली. स्टेलेस्टमध्ये १०२१ भिंगं ११ वर्तुळांमध्ये आहेत. दोन्ही पॉलिकार्बोनेटच्या आहेत, म्हणजे मजबुतीची काळजी नाही. लांबून पाहिलं तर साधी काचच वाटते. उजेडात तिरकी धरली की वर्तुळं दिसतात.

चाचण्यांचे निकाल खरोखर चांगले आहेत. मायोस्मार्टच्या हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत नंबर वाढण्याचा वेग ५२ टक्के आणि लांबी वाढण्याचा वेग ६२ टक्के कमी झाला. स्टेलेस्टच्या चीनमधल्या वेनझोऊ इथल्या चाचणीत, रोज १२ तास किंवा जास्त चष्मा घालणाऱ्या मुलांत दोन वर्षांत नंबरवाढ सरासरी ६७ टक्के कमी झाली. बारा तास, हे नीट वाचा. शाळेपुरता घातलेला चष्मा हे काम करत नाही.

आता त्या चाचण्यांत कोणती मुलं होती, तेही बघू. वय ८ ते १३. नंबर मायोस्मार्टसाठी मायनस एक ते पाच, स्टेलेस्टसाठी मायनस पाऊण ते पावणेपाच. सिलिंडर नंबर (कॉर्नियाचा बाक सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा) दीडपर्यंतच. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा कागद याच्याशी ताडून पाहा. लेझर झालेलं मूल चार वर्षांचं, नंबर मायनस सात, सिलिंडर अडीच, दोन डोळ्यांत तीनचा फरक, ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. असा कागद त्या चौकटीत कुठेच बसत नाही.

शिवाय काच बसवण्याची अडचण आहे. या काचेचा साधा मधला भाग बरोबर बाहुलीसमोर यायला हवा. आरओपीनंतर काही मुलांत पडद्याचा मधला संवेदनशील बिंदू, मॅक्युला, कानाच्या बाजूला ओढला गेलेला असतो. अशा मुलाचा डोळा सरळ बघत असतानाही बाहेर वळलेला दिसतो आणि ते बाहुलीच्या ठरलेल्या मध्यातून बघत नाही. बाहुलीचं केंद्र मोजून काच बसवली, की त्याची नजर थेट भिंगांच्या जाळीतून जाते. डोळे सतत हलत असतील, नजर आधीच मंद असेल, एक डोळा आळशी असेल (मेंदू त्याचं चित्र टाळत असेल), तर कडेच्या धूसरपणाची किंमत या मुलांना जास्त मोजावी लागते. आणि लेझर झालेल्या डोळ्यात, ज्या कडेच्या पडद्याशी ही काच बोलू पाहते, त्याचा बराच भाग लेझरच्या डागांनी भरलेला असतो.

तेव्हा कुणी घ्यावी? मूल सहा-सात वर्षांच्या पुढे, आरओपी झालाच नव्हता किंवा उपचाराविना शमला, चष्म्याने दोन्ही डोळ्यांची नजर पूर्ण येते, सिलिंडर थोडा, आणि लांबी वर्षाला ०.३ मिमीच्या वर वाढते आहे. अशा मुलाला या दोन्हींपैकी कोणतीही काच आम्ही मनापासून सुचवू. दोन्हींत निवड करायची तर ज्या दुकानात बाहुलीची उंची प्रत्येक डोळ्याची वेगळी मोजतात, तिथली घ्या. भिंगं ४०० की १०२१, हा प्रश्न त्यापुढे गौण आहे.

फ्रेम: इथे पैसे घाला

एनआयसीयूत आठवडेच्या आठवडे कुशीवर निजलेल्या बाळाचं डोकं दोन्ही बाजूंनी चपटं आणि पुढून मागे लांब झालेलं असतं. वाढीबरोबर ते पुष्कळ सुधारतं, पण चेहरा अरुंदच राहतो. नाकाचा पूल सपाट. दुकानातली 'तीन वर्षांची' फ्रेम या चेहऱ्यावर रुंद होते आणि काड्या मात्र कानामागे आखूड पडतात. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो.

घसरण्याने फक्त दिसायला वाईट दिसतं, असं नाही. मायनस दहाची काच ५ मिमी पुढे घसरली तर तिची ताकद डोळ्यापाशी सुमारे ०.४ ने कमी होते. म्हणजे डॉक्टरांनी काळजीने काढलेल्या नंबराचा जवळजवळ अर्धा नंबर नाकावरच सांडतो. काच खाली उतरली तर त्याहून वाईट. एका डोळ्याला मायनस आठ, दुसऱ्याला मायनस तीन असेल आणि चष्मा ५ मिमी खाली आला, तर एका डोळ्यापुढे ४ प्रिझम (किरण किती वळतात याचं माप) आणि दुसऱ्यापुढे दीड प्रिझम उभे राहतात. वरखालचा हा अडीच प्रिझमचा फरक दोन डोळ्यांना जुळवून घेणं फार अवघड. मेंदू मग सोपा मार्ग निवडतो: एका डोळ्याचं चित्र सोडून देतो. आळशी डोळा सुधारायला लावलेला चष्मा अशा वेळी त्याच डोळ्याला मागे ढकलतो.

काडीच्या आतल्या बाजूला तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३४-१४-११०. पहिला काचेची रुंदी, दुसरा पुलाची, तिसरा काडीची लांबी. पहिल्या दोहोंची बेरीज मुलाच्या पीडीच्या, म्हणजे दोन बाहुल्यांमधल्या अंतराच्या, शक्य तितकी जवळ हवी. ४ मिमीहून जास्त फरक नको. पीडी ४८ असलेल्या मुलाला ३४ अधिक १४ ची फ्रेम नेमकी बसते. 'दोन वर्षं चालेल' म्हणून घेतलेली ४४ अधिक १६ ची फ्रेम म्हणजे ६०, प्रत्येक बाजूला काच ६ मिमी आत सरकवावी लागणार. मायनस आठच्या पॉलिकार्बोनेट काचेची बाहेरची कड पहिल्या फ्रेममध्ये साधारण साडेतीन मिमी जाड होते, दुसऱ्यात सात मिमीच्या जवळ जाते. काच तीच, साहित्य तेच. बारीक, गोलसर फ्रेमने जे साधतं, ते 'पातळ काच' म्हणून वेगळे पैसे मोजून साधत नाही.

दोन-अडीच वर्षांच्या आतल्या बाळासाठी बिनबिजागरीची, धातू नसलेली मऊ फ्रेम सर्वांत चांगली. इटालियन मिराफ्लेक्स हे त्यातलं जुनं नाव. ती वाकते, तुटत नाही, बाळाने तोंडात घातली तरी टोचत नाही, डोक्यामागून लवचीक पट्टा जातो. मर्यादा एकच, पण मोठी: ही फ्रेम गरम करून वाकवता येत नाही. जशी बसते तशीच बसते. म्हणून ऑनलाइन मागवू नका. बाळाला घेऊन जा आणि दोन-तीन मापं घालून बघा. पट्टा घट्ट केला की फ्रेम पापण्यांच्या केसांवर येते आणि बाळ ती ओरबाडून काढतं. पट्ट्याखाली मोठ्या माणसाचं एक बोट सहज सरकलं पाहिजे. बाळ अजून पाठीवर जास्त वेळ असेल, तर पट्ट्याचा हूक डोक्याच्या मधोमध मागे येणार नाही, असा बाजूला घ्या.

चालू लागलेल्या मुलाला कानामागे वळलेल्या सिलिकॉनच्या काड्या बऱ्या. चार वर्षांपुढे, नाकाचा पूल चपटा असेल तर, वाकवता येणारे सिलिकॉनचे नोजपॅड असलेली हलकी फ्रेम चालते. एकसंध प्लास्टिकची फ्रेम या नाकावर टिकत नाही. मुलाला श्रवणयंत्रही असेल, आणि या मुलांत ते असू शकतं, तर काडी शक्य तितकी बारीक घ्या आणि श्रवणयंत्र कानाला लावूनच फ्रेम घालून बघा.

ज्यांच्या मेंदूतल्या दृष्टिमार्गाला जन्माच्या वेळी इजा झाली आहे, अशा काही मुलांना खालच्या बाजूचं कमी दिसतं. पायरीला अडखळतात, जमिनीवरचं खेळणं तुडवतात. त्यांना जाड, रंगीत खालची कड असलेली फ्रेम देऊ नका. आणि हेही माहीत असावं, की या इजेमुळे कमी दिसत असेल तर योग्य नंबर लावूनही नजर पूर्ण येत नाही. त्यात चष्म्याचा दोष नसतो. तरी चष्मा लागतोच, कारण मेंदूला जाणारं चित्र निदान डोळ्यापाशी तरी धूसर नको.

साधी काच

पॉलिकार्बोनेट, कडक थर दिलेली, एकाच नंबरची. या मुलांसाठी ही आमची पहिली पसंती. साधं प्लास्टिक पडल्यावर तडकतं. काचेची काच लहान मुलाला देऊच नये. ट्रायव्हेक्स या दुसऱ्या प्लास्टिकची काच पॉलिकार्बोनेटइतकीच मजबूत, वजनाला हलकी आणि कडेला रंगाची झालर कमी दाखवणारी. मिळाली आणि नंबर मध्यम असेल तर जरूर घ्या, मात्र ती तितकीशी पातळ होत नाही. १.६७ किंवा १.७४ ची (हा काचेचा अपवर्तनांक; तो जास्त तितकी काच पातळ) पातळ काच मायनस दहा-बाराच्या पुढे मोठ्या मुलाला विचारात घ्यावी; मजबुतीत ती पॉलिकार्बोनेटच्या मागे आहे. ज्या मुलाचा एकच डोळा चांगला आहे, त्याने दिवसभर पॉलिकार्बोनेट घालावं, त्या चांगल्या डोळ्याला नंबर शून्य असला तरी. यात तडजोड करू नये.

चकाकी घालवणारा थर तीन वर्षांखाली ओरखड्यांत जातो. नसला तरी चालेल. शाळेत जाणाऱ्या, मोठा नंबर असलेल्या मुलाला घ्या. काच पाण्याखाली धरून साबणाच्या थेंबाने धुवा आणि मऊ सुती कापडाने टिपा. ओढणीने, शर्टाच्या टोकाने कोरडी पुसली की धूळच सँडपेपरचं काम करते. नेलपॉलिश काढायचा द्रव पॉलिकार्बोनेटच्या जवळही नेऊ नका.

नंबर कसा काढला, ते विचारा

चांगली फ्रेम आणि चांगली काच चुकीच्या नंबरावर वाया जाते. लहान मूल यंत्रात डोकावताना डोळ्यावर ताण देतं आणि नसलेला मायनस उमटतो, किंवा दोनचा साडेतीन दिसतो. म्हणून थेंब घालून, भिंगाची हालचाल थांबवून, रेटिनोस्कोपने (डोळ्यात उजेड टाकून डॉक्टर स्वतः नंबर काढतात त्या उपकरणाने) काढलेला नंबरच धरायचा. दुकानातल्या यंत्राची चिठ्ठी यासाठी कामाची नाही. मोठ्या मुलाला सायक्लोपेंटोलेटचे १ टक्क्याचे थेंब पुरतात. तान्ह्या बाळाला त्याची सौम्य मात्रा देतात, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं पोट या थेंबांनी बिघडू शकतं. थेंब घातल्यावर लगेच पोटभर दूध पाजू नये. काही डॉक्टर अॅट्रोपिनचं १ टक्का मलम तीन दिवस घरी घालायला सांगतात. तांदळाच्या दाण्याएवढंच घ्यायचं, हात धुवायचे. बाळाचं तोंड लालबुंद झालं, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं तर मलम थांबवून डॉक्टरांना फोन करायचा.

प्रत्येक मायनसला चष्मा लागतो असं नाही. बाळाचं जग हाताच्या अंतरावर असतं. अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेची सर्वसाधारण मर्यादा अशी: दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर एका वर्षाच्या आत मायनस पाच किंवा जास्त, एक ते दोन वर्षांत मायनस चार, दोन ते तीन वर्षांत मायनस तीन. दोन डोळ्यांत फरक असेल, तिरळेपणा असेल, तर डॉक्टर याआधीही चष्मा देतात आणि ते बरोबरच आहे. वय मात्र कोणतं धरलं, ते विचारा. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर नजर किती विकसित झाली हे जोखताना ते दोन महिने वजा करतात. चेहऱ्याकडे बघून हसणं, खेळण्यामागे नजर फिरवणं हे सगळं त्या सुधारित वयावर तपासायचं असतं.

अॅट्रोपिनचे थेंब

नंबर रोखायला दिले जाणारे हे थेंब मलमाच्या शंभर ते वीस पट सौम्य, ०.०१ ते ०.०५ टक्के असतात. सौम्य अॅट्रोपिनच्या, हाँगकाँगमधल्या लॅम्प चाचणीत ४ ते १२ वर्षांच्या मुलांत पहिल्या वर्षी ०.०५ टक्क्याने नंबरवाढ सुमारे ६७ टक्के कमी झाली, ०.०१ टक्क्याने २७. पण हेही औषध लांबणाऱ्या डोळ्यासाठीच, तेव्हा खास काचेला लावलेली लांबीची कसोटी इथेही लागू. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलांना मुळातच जवळचं स्पष्ट करायला त्रास होतो. त्यांना हे थेंब देण्याआधी जवळची नजर तपासून घ्यायला सांगा, नाहीतर लांबचा नंबर राखताना पुस्तक धूसर होतं.

खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे मुलांच्या दोषांवर लवकर उपचार करणाऱ्या, केंद्रात विचारा. आरओपी हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या तपासायच्या आजारांपैकी एक आहे आणि १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात.

आणि चष्मा छान बसला, नंबर स्थिर आहे, म्हणून बाहुली मोठी करून होणारी पडद्याची तपासणी सोडू नका, ती दरवर्षी हवी. आरओपी झालेल्या डोळ्याचा पडदा मोठेपणीही सुटू शकतो, आणि कॉर्निया व भिंग यांच्यातली जागा उथळ असल्याने डोळ्याचा दाबही वाढू शकतो. मूल 'काजवे दिसतात', 'काळं काहीतरी तरंगतं' असं म्हणालं, किंवा अचानक एक डोळा मिटून बघू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

चष्मा तयार होऊन आला की दुकानातच तीन गोष्टी करून घ्या. लेन्समीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्ही काचांचा नंबर आणि सिलिंडरचा अक्ष कागदाशी ताडून बघायला सांगा. अक्ष पाच अंशांहून जास्त चुकला असेल तर परत पाठवा. काचेच्या केंद्रावर पेनने ठिपका काढायला लावा, मुलाला चष्मा घाला आणि ठिपका बाहुलीसमोर येतो का बघा. मग मुलाला खाली वाकवून, मान हलवायला लावून चष्मा जागेवर राहतो का ते पाहा. दोन आठवड्यांनीही मूल तो सारखा काढून टाकत असेल तर नाकावर आणि कानामागे लाल खुणा शोधा. असतील तर फ्रेम बसवून घ्या; त्या नसतील, तर थेंब घालून नंबर पुन्हा काढून घ्या.